ताऱ्यांच्या दप्तराची यांत्रिक प्रतवारी

प्रतवारी हा शब्द आपल्या बाजारांत जुना आहे. आंब्याची प्रतवारी होते, कापसाची होते, गुळाची होते. आणि ढेपेला बोट लावून किंवा फोडीचा वास घेऊन जाणता मनुष्य जो निवाडा देतो त्यावर घेणारा आणि विकणारा या दोघांचाही बराचसा भरंवसा असतो. आतां हा शब्द आकाशांतही जाऊन पोंचला आहे. जगांतील मोठमोठ्या वेधशाळांच्या संग्रहांत ताऱ्यांचे व दीर्घिकांचे लक्षावधि वर्णपट सांठलेले आहेत. त्यांतला उत्तम कोणता, मध्यम कोणता आणि टाकाऊ कोणता, हें ठरविण्याचें काम हळूहळू मनुष्याच्या डोळ्याकडून गणकयंत्राकडे गेलें आहे. ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञांच्या घरची. साहित्याच्या मासिकाला तिच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, गुणदोषांचा निवाडा करणें हा टीकाकाराचा धंदा आहे, आणि तो निवाडा यंत्राकडे सोंपविला जात असतां गप्प बसणें त्याला शोभणार नाहीं.

प्रथम वस्तु काय आहे तें समजून घेऊं. ताऱ्याचा प्रकाश लोलकांतून किंवा बारीक रेघांच्या जाळींतून नेला म्हणजे त्याचा जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पट्टा पसरतो, हाच वर्णपट. या पट्ट्यांत कोठें काळ्या तर कोठें तेजस्वी अशा रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक जागीं येतात, म्हणून त्यांवरून तारा कशाचा बनला आहे, किती तापलेला आहे, आपल्याकडे येत आहे कीं दूर जात आहे, हें वाचतां येतें. परंतु दूरच्या ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणींत धारेनें येत नाहीं, थेंबाथेंबानें येतो. एखाद्या रंगाचे १०० प्रकाशकण मोजले तर त्या मोजणींत सुमारें १० कणांची चूकभूल धरावी लागते. १०,००० मोजले तर सुमारें १०० कणांची. म्हणजे पहिल्या मोजणींत दहावा भाग गोंगाट, दुसरींत शंभरावा. संकेत आणि गोंगाट यांच्या या प्रमाणावरच प्रतवारीचा पाया घातलेला आहे. याखेरीज दुसरेही दोष असतात. मध्येंच ढग येतो. विश्वकिरणाचा आघात होऊन पट्ट्यावर खोटीच रेषा उमटते. मापनासाठीं लावलेल्या दिव्याच्या रेषांशीं मेळ चुकतो. आणि शहरांतील दिव्यांचा उजेड आपल्या रेषा ताऱ्याच्या रेषांत मिसळून टाकतो. हा शेवटचा दोष पुनावळ्यांत राहणाऱ्यास समजावून सांगावा लागत नाहीं. मुंबई-बंगळूर हमरस्त्यालगतचें हें गांव महानगरांत आल्यापासून आमच्या गच्चीवरून रात्रीं जे तारे दिसतात, ते बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत.

वर्णपटाची पारख करण्याचा प्रश्न पुण्याच्या परिसराला नवा नाहीं. येथील विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरीस भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या नांवानें वेधशाळा उभी केली होती. तेथें २० इंची आरशाची दुर्बीण होती. त्या काळीं तेजोमेघांच्या वर्णपटांतील एका हिरवट रेषेवरून मोठा वाद माजलेला होता. सर नॉर्मन लॉकियर यांचें म्हणणें असें कीं, ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. तसें असेल तर तिची एक कड तीक्ष्ण आणि दुसरी विरत गेलेली दिसावयास हवी. नायगमवाला यांनीं पुण्यांतून मृग नक्षत्रांतील तेजोमेघाची ती रेषा तपासली आणि ती सर्व प्रकारें पाहतां बारीक व रेखीवच दिसते असें १८९१ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत प्रसिद्ध केलें. ती रेषा कोणाची, याचें खरें उत्तर मिळावयास १९२७ साल उजाडावें लागलें. आयरा बोवेन यांनीं दाखविलें कीं ती ऑक्सिजनची आहे. पण पृथ्वीवरील प्रयोगशाळेंत साधत नाहीं इतक्या विरळ अवस्थेंतील ऑक्सिजनची. उत्तर पुण्यास मिळालें नाहीं हें खरें. परंतु चुकीचें उत्तर बाजूस सारण्याच्या कामीं पुण्याच्या एका प्राध्यापकाचा डोळा उपयोगी पडला, आणि तो रेषेची कड कशी आहे एवढेंच पाहून. हीच वर्णपटाची पारख. मात्र या पारखीच्या पाठीमागें एक नेमका प्रश्न उभा होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गरज पडेल.

दुसरें उदाहरण त्याहून परिचयाचें आहे. हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला, अशी कथा आपल्याकडे अभिमानानें सांगितली जाते. कोंकणांतील मित्रांची क्षमा मागून आम्हांस सांगितलें पाहिजे कीं, या कथेंत दोन ग्रहणांची गल्लत झालेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथें होते. लॉकियर इंग्लंडांतच होते, आणि त्याच वर्षीं २० ऑक्टोबर रोजीं त्यांनीं तेथूनच, ग्रहण नसतांना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या रेषा पाहिल्या. लॉकियर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. त्या दिवशीं नायगमवाला सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें आपलीं यंत्रें लावून बसले होते. असो. आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. १८६८ च्या ग्रहणांत ज्वालांच्या वर्णपटांत जी पिवळी रेषा दिसली ती कित्येक निरीक्षकांनीं सोडियमची म्हणूनच नोंदली. त्यांत नवल नव्हतें. सोडियमच्या जोडरेषा ५८९० व ५८९६ या जागीं असतात, आणि ही नवी रेषा ५८७६ या जागीं होती. आणि हीं मापें ज्या एककांत आहेत तें एकक मिलिमीटरचा कोट्यंश आहे! एवढ्याशा फरकांत एक संपूर्ण मूलद्रव्य लपलेलें होतें. विल्यम रॅम्से यांना तें पृथ्वीवर सांपडलें १८९५ सालीं. ज्ञात मूलद्रव्यांची यादी हातीं घेऊन बसलेल्या एखाद्या यंत्रानें १८६८ सालीं प्रतवारी केली असती तर काय शेरा मारला असता? 'सोडियम, जुळणी अंमळ कमी, वर्णपट मध्यम प्रतीचा.' आमची सर्व टीका या एका कल्पित शेऱ्यांत सांठलेली आहे.

पण यंत्रावर एकदम तुटून पडणें अन्यायाचें होईल. हें काम मनुष्याच्या हातून निसटलें कसें, हें अगोदर पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत ॲनी जंप कॅनन या विदुषीनें काचपट्ट्यांवरील वर्णपट भिंगाखालीं पाहून सव्वादोन लाखांवर ताऱ्यांचें वर्गीकरण केलें. तें १९१८ ते १९२४ या काळांत हेन्री ड्रेपर सूचि म्हणून नऊ खंडांत प्रसिद्ध झालें. एका व्यक्तीच्या डोळ्यांनीं केलेलें एवढें प्रचंड काम शास्त्राच्या इतिहासांत विरळाच असेल. पुढें दुर्बिणींना प्रकाशतंतु जोडण्याची युक्ति निघाली आणि एकाच वेळीं शेंकडों वर्णपट मिळूं लागले. ऑस्ट्रेलियांतील दुर्बिणीवर १९९७ ते २००२ या काळांत जें दीर्घिकांचें सर्वेक्षण झालें त्यांत एका खेपेस ४०० वस्तूंचा प्रकाश घेतला जाई. एकूण २,४५,५९१ वस्तूंचे वर्णपट घेण्यांत आले. यंत्र प्रथम दीर्घिकेची ताम्रसृति, म्हणजे तिच्या दूर जाण्यामुळें रेषांचें तांबड्याकडे झालेलें सरकणें, मोजी. मग मनुष्य तो वर्णपट पडद्यावर पाहून त्यास एक ते पांच यांपैकीं एक अंक देई. तीन म्हणजे बहुधा बरोबर, शंभरांत नव्वद भरंवशाचें. चार म्हणजे शंभरांत नव्याण्णव. दोन म्हणजे शंकास्पद. एक म्हणजे कांहींच ठरत नाहीं. तीन व त्यावरील अंक मिळालेल्या अशा २,२१,४१४ दीर्घिकांच्या ताम्रसृति प्रसिद्ध झाल्या. दोन-अडीच लाख वेळां कोणीतरी पडद्याकडे पाहून अंक लिहिला, याचा अर्थ काय होतो तें उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासलेला कोणताही शिक्षक जाणूं शकेल.

२००० सालापासून अमेरिकेंतून चाललेल्या स्लोन सर्वेक्षणांत वर्णपटांची संख्या याहूनही कितीतरी पुढें गेली, आणि तेथें निवाडा मुख्यतः यंत्रच देतें. त्याची रीत अशी. तारे, दीर्घिका व क्वासार यांचे नमुना-वर्णपट यंत्राजवळ असतात. ते हरएक ताम्रसृतीला सरकवून तें समोरच्या वर्णपटावर बसवून पाहतें आणि जो सर्वांत नीट बसेल तो निकाल म्हणून देतें. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचीं उत्तरें फारच जवळजवळ आलीं तर तें वर्णपटावर इशाऱ्याची खूण करतें. आपल्या पुण्यांतही हा विचार लवकर सुरू झाला. १९८८ सालीं जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालीं स्थापन झालेल्या आयुका या संस्थेंत गुलाटी, रंजन गुप्ता प्रभृतींनीं मेंदूंतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेल्या गणनपद्धतीनें ताऱ्यांचे वर्णपट वर्गवारींत बसविण्याचा प्रयोग करून १९९४ सालीं प्रसिद्ध केला. पुढें रंजन गुप्ता यांचा सहभाग असलेला भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांचा जो वर्णपटसंग्रह २००४ सालीं निघाला त्यांत १२७३ तारे आहेत. त्यांपैकीं ८८५ ताऱ्यांचा पट्टा ३४६० पासून ९४६४ पर्यंत सबंध आहे. उरलेल्यांचे अपुरे आहेत. परंतु ते संग्रहांत ठेविले आहेत, आणि अपुरे आहेत असें सांगून ठेविले आहेत. आम्हांस या संग्रहाचा हा गुण त्याच्या आकड्यांपेक्षांही मोलाचा वाटतो.

यंत्राच्या बाजूनें मोठी गोष्ट ही कीं तें थकत नाहीं. सकाळच्या पहिल्या वर्णपटाला आणि रात्रीच्या शेवटच्या वर्णपटाला त्याचा हात सारखाच पडतो. मनुष्याचें तसें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील त्याच दुर्बिणीवर पुढें झालेल्या दुसऱ्या सर्वेक्षणांत एकच वर्णपट निरनिराळ्या तपासनिसांस दाखवून कोणाचा अंक कितपत भरंवशाचा हें काढण्यांत आलें. म्हणजे परीक्षकांचीच परीक्षा घेतली. २०१४ सालापर्यंत त्यांनींही यांत्रिक पद्धति स्वीकारली.

आणि प्रतवारी नको, सर्वच वर्णपट सारखे माना, असें म्हणणाऱ्यांसाठीं आगकाडीची कथा आहे. १९६२ सालीं फ्रान्समधील एका वेधशाळेंतून वृत्त आलें कीं, एका साध्या ताऱ्याच्या वर्णपटांत पोटॅशियमच्या तेजस्वी रेषा अकस्मात् प्रकटल्या. पुढें आणखी एक-दोन ताऱ्यांत तोच चमत्कार दिसला. ताऱ्यांवर पोटॅशियमचे भडके उडतात कीं काय, असा प्रश्न उभा राहिला. अखेर १९६७ सालीं कॅलिफोर्नियांतील तिघां शास्त्रज्ञांनीं दुर्बिणीच्या यंत्राजवळ आगकाड्या ओढून पाहिल्या, तों हुबेहूब त्याच रेषा उमटल्या! आगकाडीच्या गुलांत पोटॅशियम असतें. ताऱ्याचा म्हणून नोंदलेला तो भडका बहुधा कोणा धूम्रपान करणाऱ्याच्या हातांतला होता. तेव्हां विचित्र दिसेल तें सर्वच थोर नसतें. वर्णपटावर संशय घेणें हें शास्त्राचें पहिलें कर्तव्य आहे, आणि तें कर्तव्य नेमानें करणारें यंत्र आम्हांस नको आहे असें मुळींच नाहीं.

मग आमचा आक्षेप कोठें आहे? तो सांगण्यास आमच्याच भागांतला दाखला उपयोगी पडेल. पुनावळ्यांत आमच्या शेजारीं चाकणच्या एका कारखान्यांत मालाची तपासणी करणारे एक तरुण गृहस्थ राहतात. एकदां त्यांजपाशीं हा विषय निघाला. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे वादच नसतो. भोंकांत गेज घालायचा. 'गो'चें टोंक आंत गेलें पाहिजे, 'नो-गो'चें जातां कामा नये. तसें नसेल तर तो नग लाल पेटींत." आम्हीं विचारलें, "आणि लाल पेटींतला नग तुमच्या नगापेक्षां चांगला निघाला तर?" ते हंसले आणि म्हणाले, "तो कसा निघेल, सर? ड्रॉइंग आमच्याजवळ असतें ना!"

आमच्या मतें या प्रश्नाची सगळी किल्ली त्यांच्या या उत्तरांत आहे. कारखान्याजवळ नकाशा असतो. नग कसा असावा हें नग होण्यापूर्वींच ठरलेलें असतें, म्हणून नकाशाशीं न जुळणें म्हणजेच सदोष असणें, हें समीकरण तेथें खरें आहे. ताऱ्याचा नकाशा कोणाजवळ आहे? वेधशाळेजवळ आहेत ते आजवर पाहिलेल्या ताऱ्यांचे नमुने. त्यांच्याशीं जुळलें नाहीं तर दोन गोष्टी संभवतात: वर्णपट बिघडलेला असेल, किंवा आपले नमुने अपुरे असतील. यंत्र जर या दोहोंना एकच अंक देऊं लागलें तर त्यानें कारखान्याचा न्याय आकाशाला लावला असें होईल.

ही भीति काल्पनिक नाहीं. १९६० सालीं '३सी ४८' या रेडिओ-उगमाच्या जागीं ताऱ्यासारखा एक बिंदु सांपडला व त्याचा वर्णपट घेण्यांत आला. त्यांतल्या रेषा कोणत्याच मूलद्रव्याशीं जुळेनात. दोन वर्षांहून अधिक काळ जाणत्या लोकांस त्याचा अर्थ लागला नाहीं. १९६३ सालीं मार्टेन श्मिट हे पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीनें घेतलेला '३सी २७३' चा वर्णपट पाहत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या तर हायड्रोजनच्याच ओळखीच्या रेषा, पण तांबड्याकडे जवळजवळ १६ टक्के सरकलेल्या! तो तारा नव्हताच. अफाट अंतरावरचा, अफाट तेजाचा असा एक अपूर्व पदार्थ होता. क्वासारांचा शोध तो हाच. त्या काळीं ताऱ्यांचेच नमुने शिकविलेलें एखादें यंत्र दारावर बसविलें असतें तर '३सी २७३' ला त्यानें कनिष्ठ प्रत दिली असती, आणि तो अंक पाहून पुढला कोणी तो वर्णपट उघडून पाहण्याच्या भरीस पडला नसता. आज यंत्राजवळ क्वासारांचे नमुने आहेत, ते श्मिट यांच्या कृपेनें. उद्यांच्या शोधाचे नमुने त्याजवळ कोणाच्या कृपेनें येणार?

मनुष्यांनीं दिलेले अंक पाहून आपोआप शिकणाऱ्या पद्धतींत ही अडचण आणखी खोल जाते. नमुन्यांच्या रीतींत निदान नमुने कोणते हें ठाऊक असतें. या नव्या रीतींत हजारों वर्णपट व त्यांवर तज्ज्ञांनीं दिलेले अंक यंत्रापुढें ठेवितात. यंत्र त्यांतून तज्ज्ञांची आवडनिवड उचलतें, आणि मग तीच लक्षावधि वर्णपटांवर चालवितें. तज्ज्ञ दुपारीं कंटाळले असतील तर तो कंटाळाही शिकतें. तज्ज्ञाला विचारलें तर तो निदान सांगेल कीं, 'अमुक रेषा मला खोटी वाटली.' यंत्राला कारण विचारण्याची सोय क्वचित् ठेवलेली असते.

उलट, ज्याचें मोल दिसण्यास काळ जावा लागतो अशा वर्णपटाची एक कथा आहे. १९१७ सालीं माउंट विल्सनच्या वेधशाळेंत वॉल्टर ॲडम्स यांनीं व्हान मानेन यांनीं शोधलेल्या एका अंधुक ताऱ्याचा वर्णपट काचपट्टीवर घेतला. त्यांत कॅल्शियमच्या रेषा ठळक होत्या. नोंद झाली, काच पाकिटांत गेली, पाकीट कपाटांत गेलें. पुढें समजलें कीं तो तारा श्वेतखुजा, म्हणजे मृत्यु पावलेल्या ताऱ्याचा दाट गाभा आहे. अशा ताऱ्यांत जड मूलद्रव्यें लवकरच पृष्ठभागाखालीं बुडून जातात. मग कॅल्शियम तेथें आलें कोठून? तें त्या ताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या मोडक्या ग्रहांचा किंवा लघुग्रहांचा चुरा पडून आलेलें असतें, असें अलीकडे मानूं लागले आहेत. जे फॅरिही या शास्त्रज्ञानें त्या जुन्या काचेची चौकशी केली, आणि २०१६ सालीं जगाला कळलें कीं, दुसऱ्या सूर्याभोंवतीं ग्रहमाला असल्याचा पुरावा ९९ वर्षें कपाटांत पडून होता. काच तीच, रेषा त्याच. वाचणारांचें ज्ञान तेवढें वाढलें. त्या काचेला १९१७ सालीं दिलेला कोणताही अंक २०१६ सालीं बदलावा लागला असता. म्हणून आम्ही म्हणतों कीं, प्रत ही वर्णपटाचा अंगभूत गुण नव्हे. कोणीतरी, कोणत्या तरी दिवशीं, कोणत्या तरी कामासाठीं दिलेला तो अभिप्राय असतो. नायगमवाला यांच्या पारखीमागें नेमका प्रश्न होता असें वर म्हटलें तें याचसाठीं. नुसती ताम्रसृति काढावयाची असेल तर बराच गोंगाट असलेला वर्णपटही चालतो. ताऱ्यांतील एखादें विरळ द्रव्य मोजावयाचें असेल तर त्याच्या दसपट स्वच्छ लागतो. प्रश्न न सांगतां दिलेली प्रत म्हणजे पाककृति ठाऊक नसतां केलेली भाजीची निवड.

हें सर्व आम्ही दुसऱ्यांस उपदेश म्हणून लिहीत नाहीं. आमच्या हातूनही हा दोष घडलेला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका परीक्षेचे परीक्षक होतों. नमुना उत्तर आम्हीं स्वतःच लिहिलेलें होतें. एका विद्यार्थ्यानें प्रश्नाला अगदीं निराळ्या वाटेनें हात घातला होता. अक्षर वाईट, परिच्छेद लांबलचक, आणि आमच्या यादींतला एकही मुद्दा त्यांत नाहीं. आम्हीं दहांपैकीं दोन गुण दिले व पान उलटलें. फेरतपासणी करणाऱ्या वृद्ध सहकाऱ्यांनीं ती उत्तरपत्रिका आमच्यापुढें ठेवून एवढेंच विचारलें, "मुद्दे नाहींत, कीं तुमचे मुद्दे नाहींत?" पुन्हा वाचलें तेव्हां त्या गठ्ठ्यांत स्वतः विचार केलेला तो एकच मुलगा होता, हें आम्हांस कबूल करावें लागलें. उत्तरपत्रिका जपून ठेविली होती व दुसरा वाचणारा होता, म्हणून ती चूक सुधारली. दोहोंपैकीं एक जरी नसतें तरी आम्हांस आमच्या चुकीची वार्ताही लागली नसती.

महाराष्ट्रास या बाबतींत एक मोठा धडा आपल्याच दप्तरखान्यानें दिलेला आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील असंख्य रुमालांतून निवड करून रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंड संपादिले. निवड केल्यावांचून तें काम होणेंच शक्य नव्हतें, आणि कोणतीही निवड वादावांचून होत नाहीं. परंतु न निवडलेले रुमाल कोणी जाळले नाहींत. ते जागच्या जागीं राहिले, म्हणून पुढल्या पिढीला शेतसारा, बाजारभाव, न्यायनिवाडे असे नवे प्रश्न घेऊन त्यांकडे जातां आलें. लढायांच्या इतिहासाला जो कागद तिसऱ्या प्रतीचा, तोच धान्याच्या भावाच्या इतिहासाला पहिल्या प्रतीचा ठरतो. १८९८ सालीं, म्हणजे जेऊर-विजयदुर्गाच्या ग्रहणाच्याच वर्षीं, ज्यांचा साधनांचा पहिला खंड निघाला त्या राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून वाण्याबामणांच्या माळ्यांवरचे कागद गोळा केले ते याच विश्वासानें.

या अनुभवावरून यांत्रिक प्रतवारीकडे आमचें तीन प्रकारचें मागणें आहे. पहिलें, स्वच्छता आणि ओळख यांचे अंक वेगळे द्यावेत. गोंगाट किती, ढग होता कीं नव्हता, यंत्र बिघडलें होतें काय, हा एक हिशेब; आणि ज्ञात नमुन्यांशीं मेळ किती, हा दुसरा. ज्या वर्णपटाचा पहिला अंक उत्तम आणि दुसरा वाईट, त्याला तळाशीं न ढकलतां ढिगाच्या वर आणून ठेवावें. शोध असलाच तर तेथेंच असण्याचा संभव फार. स्लोन सर्वेक्षणाची इशाऱ्याची खूण या दृष्टीनें चांगली आहे. कारण 'मला खात्री नाहीं' असें म्हणावयास तिनें यंत्राला शिकविलें, आणि खूण केलेले वर्णपटही सर्वांसाठीं खुले ठेविले. तिची उणीव एवढीच कीं संख्येचें सार हवें असणारा संशोधक खूण दिसतांच तो वर्णपट वगळून पुढें जातो. हा दोष यंत्राचा कमी आणि आपल्या आळसाचा अधिक आहे. दुसरें, प्रत्येक अंकाबरोबर तो कोणत्या पद्धतीनें, तिच्या कोणत्या आवृत्तीनें, कोणत्या सालीं आणि कोणत्या कामासाठीं दिला, हें लिहावें. परीक्षकाची सही नसलेली गुणपत्रिका आपण मानीत नाहीं. मग सही नसलेला अंक ताऱ्याला कां चालावा? तिसरें, मूळ वर्णपट कोणत्याही अंकावरून नष्ट करूं नये. सांठवणाची जागा पूर्वींपेक्षां स्वस्त झाली आहे. हुकलेली रात्र मात्र कोणत्याही किंमतीला परत मिळत नाहीं. फुटून गेलेला तारा पुन्हा आपल्यासाठीं फुटत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांच्या घरांतील मुलामुलींसाठीं. स्लोनसारख्या सर्वेक्षणांचे वर्णपट आज कोणासही मोफत पाहतां येतात. गिरवलीच्या डोंगरावर आयुकानें २००६ सालीं बसविलेली दोन मीटरची दुर्बीण सर्वांच्या वांट्यास येणार नाहीं. परंतु पुनावळ्यांतल्या किंवा परभणींतल्या एखाद्या खोलींत बसून यंत्रानें नापास केलेला वर्णपट उघडण्यास दुर्बीण लागत नाहीं. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयानें पदवीच्या विद्यार्थ्यांकडून वर्षाकांठीं असे शंभर वर्णपट डोळ्यांनीं वाचून घ्यावे, आणि प्रत्येकापुढें एक ओळ लिहवावी: हा बिघडलेला आहे, कीं आम्हांस अपरिचित आहे? शंभरांत नव्याण्णव बिघडलेलेच निघतील. ते बिघडलेले कां, हें ओळखतां येणें हेंही शिक्षणच आहे. आगकाडी ओळखणारांनीं शास्त्राची थोडी सेवा केली नाहीं. आणि शंभरावा निघाला तर त्या मुलाला विचारणारा एक शिक्षक जवळ असावा, एवढीच व्यवस्था आपल्याला करावयाची आहे.